हजार मैलांचा न झालेला रस्ता

एस.टी.तून जाताना रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड तुम्ही पुष्कळदा पाहिले असतील. कुठे दगडाचे डोके पिवळे, कुठे हिरवे, कुठे काळे, तर खेड्याकडे वळणाऱ्या वाटेवर नारिंगी. हे रंग शोभेसाठी नव्हेत, बरं का. पिवळा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, काळा म्हणजे जिल्ह्याचा रस्ता आणि नारिंगी म्हणजे खेड्याचा रस्ता. माणसांत जशी नातीगोती तशी रस्त्यांतही थोरली-धाकटी पाती आहेत. आणि ही पाती ठरली कुठे? दिल्लीला नव्हे, मुंबईला नव्हे. आपल्या नागपुरात ठरली.

आज तुमच्याशी बोलायचे आहे ते एका न झालेल्या रस्त्याबद्दल. तुम्ही म्हणाल, झालेल्या रस्त्यांचेच खड्डे मोजून होत नाहीत, मग न झालेल्याची कथा कशाला? तर कारण असे, की कोणता रस्ता झाला नाही आणि का झाला नाही हे पाहिले म्हणजे रस्त्याचा पैसा कोठून येतो, कोणाकडे जातो आणि आपल्या पांदणीपर्यंत तो का पोचत नाही, हे नीट उमगते.

गोष्ट १९४३ सालची. दुसरे महायुद्ध अजून चालू होते. नागपूर ही तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी. त्या वर्षीच्या डिसेंबर महिन्यात प्रांतोप्रांतीचे आणि संस्थानांचे मुख्य इंजिनियर नागपुरात जमले. युद्ध संपल्यावर देशात रस्ते कसे बांधावेत, याचा वीस वर्षांचा आराखडा त्यांना करावयाचा होता. त्यांनी केलेल्या आराखड्याला आजही इंजिनियरीच्या पुस्तकांत ‘नागपूर योजना’ म्हणतात. जागाही साजेशीच होती. शून्य मैलाचा दगड म्हणून ओळखला जाणारा, १९०७ सालचा तो चार घोड्यांचा खांब नागपुरातच आहे, आणि उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम जाणारे मोठे हमरस्ते इथेच एकमेकांना छेदतात.

या योजनेने पहिले काम केले ते वर्गवारीचे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे पुढे ज्यांना राज्य महामार्ग म्हणू लागले ते, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते, असे चार वर्ग तिने पाडले. जिल्हा मार्गांतही प्रमुख आणि इतर असे दोन पोटभाग केले. दुसरे काम त्याहून मोलाचे. रस्ता कोणाला किती अंतरावर मिळाला पाहिजे, हे तिने आकड्यांत लिहून ठेवले. सुधारलेल्या शेतीच्या मुलखात कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे तिचे सूत्र होते. शंभर चौरस मैल मुलखात २६ मैल रस्ता असावा, म्हणजे आजच्या मापाने शंभर चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर, हे तिचे लक्ष्य.

हे लक्ष्य गाठायचे कसे? त्यासाठी एक गणित मांडले होते. गुरुजनहो, हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर सहज मांडता येईल. पाचशेपर्यंत वस्तीच्या प्रत्येक गावाच्या नावे एक पंचमांश मैल रस्ता धरायचा. पाचशेएक ते हजार वस्तीच्या गावाला अर्धा मैल. हजार ते दोन हजारांच्या गावाला एक मैल. दोन ते पाच हजारांच्या गावाला दोन मैल. सगळ्यांची बेरीज करायची आणि पुढच्या वाढीसाठी शेकडा १५ टक्के वर घालायचे. झाली त्या मुलखातल्या धाकट्या रस्त्यांची, म्हणजे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते यांची लांबी.

समजा, एखाद्या तालुक्यात पाचशेच्या आतली ४० गावे आहेत, हजारापर्यंतची २०, दोन हजारांपर्यंतची १० आणि त्याहून मोठी ३. तर लहान गावांचे ८ मैल, मधल्यांचे १०, त्यांच्यावरच्यांचे १० आणि मोठ्यांचे ६. बेरीज ३४ मैल. त्यावर १५ टक्के घातले की सुमारे ३९ मैल झाले. गावे ७३ आणि रस्ता ३९ मैल. म्हणजे गावामागे अर्ध्या मैलाहून थोडा जास्त. मुलांना आपल्या तालुक्याची गावे घेऊन हे गणित करायला सांगा आणि मग आज प्रत्यक्षात किती रस्ता आहे तो शोधायला सांगा. भूगोल आणि अंकगणित दोन्ही एका तासात होतील.

आता या गणितातली मेख पाहा. चारशे वस्तीच्या गावाच्या वाट्याला आला एक पंचमांश मैल, म्हणजे ३५२ वार. हा हिशेब सरासरीचा. प्रत्येक गावाला मोजून तेवढाच रस्ता द्यायचा असा त्याचा अर्थ नव्हे. पण गाव लहान म्हणून त्याची वाट लहान होते काय? उलट लहान गावच बहुधा आडवळणाला असते. त्याच्या बंडीला मोठ्या गावच्या बंडीपेक्षा दूर जावे लागते. मोठ्या रस्त्यांच्या हिशेबात तर आणखी एक कलम होते. त्या भागात जितकी रेल्वे असेल तितकी लांबी रस्त्यातून वजा करायची. रेल्वे आहे ना, मग रस्ता कशाला, हा त्यामागचा विचार. त्या काळी तो चुकीचा वाटला नसेल. पण आपल्या विदर्भात मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वे पुढे बंद पडलेली आपण पाहिली आहे. कागदावर वजा केलेला रस्ता रेल्वे गेली म्हणून आपोआप परत येत नसतो.

असे असले तरी नागपूर योजनेचे ऋण मोठे आहे. देशाच्या रस्त्यांचा विचार करताना खेडे मोजले पाहिजे, ही गोष्ट तिने पक्की केली. मधे फाळणी झाली, देश स्वतंत्र झाला, संस्थाने विलीन झाली, पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. तरीही आराखडा टिकला. १९६१ पर्यंत एकूण लांबीचे लक्ष्य गाठून देश पुढेही गेला. त्यातला मोठा वाटा कच्च्या रस्त्यांचा होता, हेही सांगितले पाहिजे. मृगाचा पाऊस पडला की असा रस्ता नकाशावर असतो आणि पायाखाली नसतो.

मग पुढच्या वीस वर्षांचा, १९६१ ते १९८१ चा आराखडा मुख्य इंजिनियरांनी केला. त्याला ‘मुंबई योजना’ म्हणतात. तिने लक्ष्य दुप्पट केले. शंभर चौरस किलोमीटरला ३२ किलोमीटर रस्ता हवा, असे ठरले. सुधारलेल्या शेतीच्या भागात कोणतेही गाव पक्क्या रस्त्यापासून चार मैलांपेक्षा आणि कोणत्याही रस्त्यापासून दीड मैलापेक्षा दूर नसावे, असे ठरले. आणि या योजनेत एक नवी गोष्ट आली. एक हजार मैल, म्हणजे १,६०० किलोमीटर लांबीचे द्रुतगती महामार्ग.

हाच तो आपला न झालेला रस्ता.

द्रुतगती महामार्ग म्हणजे नुसता रुंद रस्ता नव्हे. साध्या हमरस्त्यावर बंडी चालते, सायकल चालते, गुरे आडवी जातात, आणि कडेला चहाची टपरीही असते. द्रुतगती महामार्गावर यातले काहीच चालत नाही. दोन्ही बाजूंना कुंपण असते. वाटेल तिथून वर चढता येत नाही. ठराविक जागीच आत शिरायचे आणि ठराविक जागीच बाहेर पडायचे. आडवा रस्ता आला तर तो खालून किंवा वरून न्यावा लागतो. म्हणून तो अतिशय महाग पडतो. आणि म्हणूनच त्याच्या शेजारी राहणाऱ्या गावाला तो बहुतेक वेळा दिसतो, ऐकू येतो, पण वापरता येत नाही.

हे हजार मैल का झाले नाहीत? ती वीस वर्षे आठवून पाहा. १९६२ साली चीनचे युद्ध, १९६५ साली पाकिस्तानचे. १९६५ ते ६७ या काळात उत्तरेत भीषण अवर्षण. १९६६ ते ६९ या तीन वर्षांत पंचवार्षिक योजनाच थांबली होती. १९७१ साली पुन्हा युद्ध. १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ. १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले. अशा घरात लग्न ठरलेले असले तरी वाजंत्री कोण सांगणार? १९८१ साली योजनेची मुदत संपली, तेव्हा दोन शहरांना जोडणारा खरा द्रुतगती महामार्ग देशात एकही नव्हता.

पण केवळ संकटे आली म्हणून रस्ता राहिला, असे म्हणून चालणार नाही. संकटे इतर रस्त्यांवरही आली; ते थोडेफार तरी पुढे सरकले. यामागे पैशाचा सवाल होता, आणि तो सवाल समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

रस्त्याचा पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट सरकारी खजिन्याची. म्हणजे सगळ्यांच्या कराची. दुसरी वाट टोलची. म्हणजे जो त्या रस्त्याने जाईल त्याने नाक्यावर द्यावयाची. ही काही नवी नाही. कंपनी सरकारने टोलचा कायदा १८५१ साली केला आणि मुंबई इलाख्याने रस्त्यांवरील व पुलांवरील टोलचा स्वतंत्र कायदा १८७५ साली केला. तिसरी वाट दाखवली ती एका मराठी माणसाने. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते-विकास समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मोठे रस्ते राखणे हे लोकल बोर्डाच्या ऐपतीबाहेरचे काम आहे, ते देशाचे काम समजले पाहिजे, असे या समितीने सांगितले. त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्यावा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच वेगळा ठेवावा, अशी तिची शिफारस होती. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला.

जयकरांच्या वाटेतले मर्म लक्षात घ्या. जो अधिक फिरतो तो अधिक पेट्रोल जाळतो आणि अधिक देतो. पण तो पैसा त्याच एका रस्त्यावर खर्च व्हावा असे बंधन नाही. मुंबईच्या मोटारीने दिलेला दोन आण्यांचा कर मेळघाटातल्या रस्त्याला लागू शकतो. टोलचे तसे नाही. टोलचा पैसा ज्या रस्त्यावर गोळा होतो त्याच रस्त्याचे कर्ज फेडण्यात जातो. तो रस्ता सोडून शेजारच्या गावच्या वाटेवर येत नाही.

आता टोलचे गणित करू. आकडे समजुतीपुरते घेऊ. समजा, एक किलोमीटर रस्त्याला दहा लाख रुपये लागले आणि ते सहा टक्के व्याजाने काढले. वर्षाचे व्याज झाले ६० हजार. डागडुजीला १० हजार. म्हणजे मुद्दल फेडायचे बाजूलाच राहू द्या, नुसता रस्ता पोसायला वर्षाला ७० हजार पाहिजेत. त्या रस्त्याने रोज १०० गाड्या गेल्या तर वर्षाला ३६,५०० गाड्या झाल्या. गाडीमागे किलोमीटरला १ रुपया ९२ पैसे पडले. रोज हजार गाड्या गेल्या तर १९ पैसे. दहा हजार गेल्या तर दोन पैसे. रस्ता तोच, खर्च तोच. फरक फक्त गर्दीचा. म्हणजे टोल हा गर्दीवर जगणारा प्राणी आहे. जिथे गर्दी तिथे तो पोसला जातो. जिथे गर्दी नाही तिथे तो एक तर माणसांना परवडत नाही, नाहीतर रस्त्याला परवडत नाही.

१९६१ साली साऱ्या देशात मिळून मोटारगाड्या, ट्रक, बसगाड्या आणि फटफट्या धरून नोंदलेली वाहने होती सुमारे साडेसहा लाख. देशाची लोकसंख्या तेव्हा ४४ कोटींच्या घरात होती. एवढ्या थोड्या वाहनांच्या जिवावर हजार मैलांचे टोलचे रस्ते उभे राहिले नसते. म्हणजे ते बांधायचे तर खजिन्यातूनच बांधावे लागले असते; आणि त्याच खजिन्याकडे पाटबंधारे, शाळा, दवाखाने आणि पक्क्या रस्त्याची वाट पाहणारी लाखो गावेही हात पसरून उभी होती. तेव्हा न झालेल्या रस्त्यासाठी कोणी फार हळहळले नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लाखो बायाबापड्यांनी उन्हात बसून खडी फोडली. त्यातून आणि पुढच्या रोजगार हमीच्या कामांतून गावोगावचे रस्ते निघाले. ते खडबडीत होते, पण आपल्या दारापर्यंत आलेले होते.

मग न बांधले ते बरेच झाले, असे म्हणायचे काय? इतके सोपेही नाही. दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वाहने पुढे भराभर वाढली. एकाच दोनपदरी हमरस्त्यावर ट्रक, एस.टी., सायकली आणि बंड्या दाटीने चालू लागल्या. अपघातांत माणसे गेली, घाटांत मालाचे ट्रक तासन्‌तास अडकले. आपला संत्र्याचा माल लांबच्या बाजाराला पोचेपर्यंत नरम पडला तर नुकसान बागाईतदाराचेच. शिवाय उशिरा बांधलेला रस्ता महाग पडतो. जमिनीचे भाव थांबून राहत नाहीत, सिमेंटचेही नाहीत.

म्हणून १९९५ साली राष्ट्रीय महामार्गांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. खासगी कंपनीने रस्ता बांधावा, ठराविक वर्षे टोल घ्यावा आणि मग रस्ता सरकारच्या हवाली करावा, ही रीत मोकळी झाली. त्याच सुमारास मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाची हालचाल चालू होती. एका खासगी कंपनीने त्यासाठी सुमारे ३,६०० कोटी रुपयांची बोली लावली. राज्य सरकारने ती नाकारली. १९९६ साली महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ काढून, कर्जरोख्यांतून पैसा उभारून, त्याहून बऱ्याच कमी खर्चात तो रस्ता बांधला. २००२ साली तो पुरा झाला. म्हणजे खासगी टोलरस्ता कागदावर राहिला आणि सरकारी टोलरस्ता जमिनीवर आला. यातून एक धडा असा, की टोलरस्ता बांधायचा की नाही एवढाच प्रश्न नसतो. तो कोणी बांधायचा आणि किती रुपयांत, यावर नाक्यावरची पावती ठरते. तुमच्या खिशातून जाणारा रुपया त्या बोलीच्या कागदावरच लिहिलेला असतो.

आणि लोकांना न विचारता लावलेला टोल टिकत नाही, हेही आपल्या राज्याने पाहिले. कोल्हापूर शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्ध लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले आणि २०१५ साली तो रद्द करावा लागला. त्याच वर्षी राज्यातले १२ टोलनाके बंद झाले आणि आणखी ५३ नाक्यांवर मोटारींना व एस.टी.ला सूट मिळाली. लोकांचा राग टोलवर होता खरा, पण राग टोलवर काढून रस्त्याचे कर्ज फिटत नाही. टोल उठला की ते कर्ज खजिन्यावर येते, म्हणजे पुन्हा आपल्या सर्वांवर. कधीही मोटारीत न बसलेला शेतमजूरही मग काडेपेटी विकत घेताना त्या रस्त्याचे थोडे देतो.

आता आपल्या नागपूरकडे परत येऊ. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा इगतपुरीकडचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. खुला झाला तेव्हा मोटारीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे टोल होता. म्हणजे नागपूरहून शिर्डीला जायला सुमारे नऊशे रुपये. दुचाकीला त्यावर प्रवेश नाही. मुंबई योजनेने कागदावर सोडलेली गोष्ट साठ वर्षांनी आपल्या दारावरून गेली. वेळ वाचतो, यात शंका नाही. पण ज्याच्याजवळ फटफटी आणि बंडीच आहे, त्याच्या लेखी ती दोन कुंपणांमधली पांढरी रेघ आहे.

त्यापाठोपाठ नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा प्रस्ताव आला. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, बारा जिल्ह्यांतून, सुमारे ८०२ किलोमीटर. माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ही देवीची ठाणी त्याने जोडायची. जमीन जाणार म्हणून अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. कोल्हापुरात तो विशेष तीव्र झाला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्या जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. मग २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी सुमारे वीस हजार कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली, आणि विरोधही पुन्हा पेटला. हा रस्ता व्हावा की होऊ नये, हे या पानावरून सांगण्याचे काम माझे नाही. पण आरंभाचे गाव पाहून मनात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. पवनार म्हणजे विनोबांचा आश्रम. १९५१ साली पोचमपल्लीला भूदान सुरू करून विनोबा वर्षानुवर्षे पायी हिंडले, ते जमीन मागत. मागणारा दारात येऊन उभा राहत असे, आणि देणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक होती. रस्त्यासाठी जमीन घेण्याचा कायदा वेगळा आहे; तिथे ‘नाही’ या शब्दाला फारशी जागा नसते. म्हणूनच तो शब्द लोक रस्त्यावर येऊन बोलतात.

आणि लहान गावाच्या त्या ३५२ वारांचे काय झाले? २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिच्या आरंभी पैसा आला तो डिझेलवरच्या करातून. म्हणजे जयकरांचीच वाट सत्तर वर्षांनी खेड्यापर्यंत आली. या योजनेने मैदानी भागातली पाचशेवर वस्तीची आणि डोंगराळ व आदिवासी भागातली अडीचशेवर वस्तीची गावे आधी घेतली. पुष्कळ गावांना पहिल्यांदा डांबर दिसले ते हिच्यामुळे. पण आकडा पाहिलात ना? १९४३ साली नागपुरात रेघ ओढली होती ती पाचशेवर. २००० सालीही मैदानात ओढली ती पाचशेवरच. रेघेच्या खालचे गाव, त्याचा पोड, त्याचा तांडा, त्याची वाडी दोन्ही वेळा रांगेत शेवटी राहिली. बाळंतीण अडली म्हणजे त्या वस्तीला खाटेची डोली करावी लागते. ती डोली पक्क्या रस्त्यापर्यंत किती वार चालते, तेवढाच त्या वस्तीचा रस्त्यांचा इतिहास.

तेव्हा गावकरी मंडळींनो, उद्या कोणताही मोठा रस्ता तुमच्या शिवारातून जाणार असे ऐकलेत, तर नुसते हुरळू नका आणि नुसते घाबरूही नका. ग्रामसभा भरवा आणि चार गोष्टी विचारा. एक, या रस्त्यावर आमच्या गावाला चढता कुठून येईल आणि ती जागा किती मैलांवर आहे? दोन, रस्त्याच्या पलीकडे गेलेल्या वावरात बैलजोडी आणि ट्रॅक्टर कोणत्या बोगद्याने जाईल, आणि पावसाळ्यात त्या बोगद्यात पाणी साचले तर उपसणार कोण? तीन, पैसा कर्जाचा की खजिन्याचा. टोल असेल तर किती आणि किती वर्षे? चार, त्याच वर्षी आमच्या तालुक्यातल्या नारिंगी दगडाच्या रस्त्यांना किती पैसा ठेवला आहे? उत्तरे लेखी मागा. ठरावात नोंदवा. गुरुजी, ठराव लिहायला बहुधा तुम्हालाच बोलावतील; तेव्हा आकडे नीट उतरवून घ्या.

मोठा रस्ता वाईट नाही. देशाला तो लागतो; कापसाला, संत्र्याला, आजारी माणसालाही लागतो. पण झाडाचा बुंधा कितीही जाड झाला तरी पाणी शोधतात ती बारीक मुळे. नागपूरला जमलेल्या त्या इंजिनियरांनी ही गोष्ट ओळखून खेड्याचा हिशेब मांडला होता. कितीही तोकडा असो, मांडला होता. न झालेल्या हजार मैलांचे दुःख करत बसण्याचे कारण नाही. ३५२ वारांची मोजणी मात्र आपली आपण करायला हवी. उद्या शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन जा, टेप लावा आणि शेवटच्या घरापासून पहिल्या डांबरापर्यंत किती अंतर भरते ते मोजून शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा.